मुरूम दाबायचा कुठे

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये ती आमच्या शेजारी येऊन बसली. विशीतली असेल. गालांवर मुरूम होते, पण ते लपवायची तिला घाई नव्हती. ओल्या मऊ रुमालाने ती घाम नुसता टिपत होती, घासत नव्हती.

माझी लेक ओढणीने तोंड गुंडाळून बसली होती. तिने हळूच विचारलं, "आक्का, ह्ये डाग जात्यात का?"

"जात्यात की, सावकाश. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणानं तोंड धुवायचं आन् हात लावायचा न्हाय."

बाहेर रस्त्यावर मुरूम पसरून त्यावर रोलर फिरत होता. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मुरूम दाबायचा तो तितं. तोंडावर न्हाय!"

लेक हसली. दर रविवारी तिला उजेडात बसवून तिचे मुरूम दाबणारी मीच. वर डाग पडले की दोष तिच्या वडापावला द्यायचा. हे मी कधी कुणाकडे बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "मीच दाबत होते गं."

त्या मुलीने माझ्या हातांकडे पाहिलं. "मग काकू, पयली नखं काढा."

लेक इतकी हसली, की ओढणी खांद्यावर घसरली. बेळगाव येईपर्यंत तिने ती तिथेच राहू दिली.