पावनी दारात काय म्हणाली

कानडी मुलखातल्या बोगादीच्या त्या मराठी घरात रविवारी संध्याकाळी कोणी बेल वाजवली तर दार उघडायचं नाही, असा नियमच झाला होता. त्या वेळी टीव्हीवर ‘एळु, ओडु’ चालू असायची. ऊठ, पळ, असा त्या कानडी नावाचा अर्थ, आणि मालिका मुलींच्या खोखो संघाची. तिच्यापायी तुळसीने विठ्ठल मंदिरातलं रविवारचं भजन सोडलं होतं. बायकांनी विचारलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायची. गुडघे दुखतही होते, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिला सीझन चांगला होता, हे तिच्या नवऱ्यालाही मान्य होतं. रंगनाथचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. दिवसभर मशीन मारून टीव्हीपुढे बसला की लगेच घोरायला लागणारा हा माणूस, पण पावनीसाठी तोही जागा राहायचा. पावनी ही गिरणीवाल्याची पोर. राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड होते, पिशवी खांद्याला लावून ती निघते, आणि बाप दाराच्या चौकटीवर आडवा हात धरून उभा राहतो. पावनी त्याच्याकडे बघते, बोलायला तोंड उघडते, आणि तिथेच सीझन संपतो.

त्या उघड्या तोंडाने तुळसीचं वर्षभर डोकं खाल्लं. ते दार तिच्या ओळखीचं होतं. लग्नाआधी ती जिल्ह्याच्या संघातून खेळायची. शिबिराला तिचंही नाव लागलं होतं, पिशवी भरून झाली होती, आणि तिचे वडील असेच दारात उभे राहिले होते. ते ओरडले नाहीत, त्यांनी हात उगारला नाही. “बघायला यायलेत गं लोक, अत्ता कुठं जातीस?” एवढंच म्हणाले. आई आत डाळ घोटत होती, ती घोटतच राहिली. तुळसीने बूट काढून ठेवले. त्या दारात आपण काय बोलायला हवं होतं, हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. बेंगळुरूत बसून गोष्टी लिहायचाच पगार घेणाऱ्यांना तरी ते सुचेल, अशी आशा तिने धरली. आशा धरायला माणसाला जागा कुठलीही पुरते.

आणि यंदा ते शब्द तिला खरोखरच लागणार होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली तिची एकुलती एक लेक अनुषा राज्याच्या ज्युनियर शिबिरासाठी निवडली गेली होती. तिच्या खोखोच्या चिदंबर सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. पण नेमक्या त्याच दिवसांत मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता आणि रंगनाथने तिचं नाव तिथे घालून टाकलं होतं. “मी बोलते बाबांशी,” असं तुळसीने पोरीला सांगितलं. त्यानंतर ती रोज बोलणार होती. तिने कधी कबूल केलं नसतं, पण ती वाट बघत होती पावनी काय बोलते त्याची.

दुसरा सीझन सुरू झाला तो ‘चार वर्षांनंतर’ अशा पाटीने. पावनी भारताची कॅप्टन आणि तोच बाप पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या मारतोय! ती घरातून निघाली कशी, बाप वळला कसा, यावर अवाक्षर नाही.

“अय्यो, मधलं कुठं गेलं?” तुळसी ओरडली.

“दाखवतील मागनं. सुम्ने, गप बघ की,” रंगनाथ म्हणाला.

तिने बघितलं. एका भागात पावनीच्या गुडघ्याचा चेंदामेंदा झाला, डॉक्टरांनी चष्मा काढून मान हलवली, आणि पुढच्याच रविवारी ती समुद्राच्या वाळूत गाणं म्हणत पळत होती. तुळसीने आपल्या गुडघ्याला तेल चोळता चोळता लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विरोधी संघाच्या कॅप्टनने पावनीच्या सरबतात काहीतरी कालवलं, ते मोलकरणीने पाहिलं, आणि ती मोलकरीण त्यानंतर कोणाला दिसली नाही. संघ विकून खाणारा कोच एका भाषणात सुधारून रडायला लागला. चिडून चिडून तुळसीचं रविवारचं जेवण जाईना. तरी ती उठत नव्हती. मागचं दाखवतील, ते दार पुन्हा दाखवतील, एवढ्यासाठी ती सगळा मूर्खपणा गिळत होती.

शेवटच्या भागाआधीच्या बुधवारी अनुषा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. रंगनाथ जेवायला घरी आला होता आणि मोरीवर हात धूत होता.

“आई, सर विचारायलेत. सोमवारी नाव कळवायचंय. कधी बोलणार तू?”

“काळजी करू नको,” तुळसी हळूच म्हणाली. “मी बरोबर खो घालते बघ.”

अनुषाने आईकडे बघितलं. “हौदा? खरंच? आत्ताच?”

“हो म्हंजे! बघच तू.”

पोरीने मान हलवली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला नाही हे तुळसीला दिसलं, पण कुकरची शिट्टी झाली आणि ते तिथेच राहिलं.

रविवारी तिघंही टीव्हीपुढे बसली. अंतिम सामन्यात विरोधी कॅप्टनला पळता पळता लहानपणची मैत्री आठवली, ती थांबली, डोळे भरून आले आणि आपण होऊन बाद झाली. असा झाला संघ जगज्जेता! मग चषक हातात घेऊन पावनीने डोळे मिटले आणि एकदाचं ते दार आलं. तीच पिशवी, तोच आडवा हात. तुळसी पुढे सरकून बसली. पावनीने तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीवरच्या चामुंडीच्या तसबिरीवरून एक फूल उजव्या बाजूला पडलं. बापाने ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि चौकटीवरचा हात काढून घेतला. पावनी हसली आणि चालायला लागली.

एक शब्द बोलली नाही. वर्षभर ताणून धरलं, आठ रविवार पोटात आग पेटवली, आणि शेवटी फूल पाडलं!

रंगनाथ खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत होता. “देवानं उजवा कौल दिला बघ. बाप तरी काय करणार, पाप, बिचारा!”

तुळसीचं मस्तक फिरलं. त्या लेखकावरचा, त्या फुलावरचा, आपल्या बापावरचा आणि डाळ घोटणाऱ्या आईवरचा सगळा राग एकदम तोंडात आला, आणि शब्द आपोआप सुचले.

“तुम्ही काय फूल पडायची वाट बघताय?” ती म्हणाली. “आपल्या घरात फूल पडणार नाही. दारात उभं राहणाऱ्यानंच हात काढायचा असतो. माझ्या बापानं काढला नाही, मी आजपर्यंत त्यांना माफ केलेलं नाही. आपली अनुषा शिबिराला जाणार. तुमचा हात काढा.”

रंगनाथ चिडला नाही. त्याला खरंच काही कळत नव्हतं.

“कुठल्या शिबिराला गं? ती येऊन बोलली की गुरुवारी दुकानात. संपलं ते. सरांना फोन पण झाला, त्यांनी हिच्या जागी संघातल्या सुष्माचं नाव लावलं म्हणे.” तो उठला आणि पाणी प्यायला आत गेला.

तुळसी अनुषाकडे वळली. “तू गेलीस? मला न सांगता? मी बोलणार होते ना!”

“तूच म्हणालीस की, खो घालते म्हणून,” अनुषा म्हणाली. तिचं मराठी घरातल्या रोजच्या बोलण्यापुरतं. बाकी सगळं कानडी, आणि खो तिला ठाऊक होता तो मैदानावरचा. “खो घातला की घालणारी बसते, अल्वा, हो ना? दुसरी उठून पळते. मला वाटलं, तू बसलीस. आता मीच जायचं.”

मी त्यांच्या क्लासाला खो घालणार होते गं, तो बेत मोडून काढणार होते, हे सांगायला तुळसीने तोंड उघडलं, पण आता ते कोणाला सांगून काय होणार होतं? तिने विचारलं, “काय बोललीस त्यांना?”

“मला जायचंय, म्हटलं. मत्ते, मग रडूच आलं.”

“आणि ते?”

“काही नाही. पंखा माझ्याकडं वळवला. प्यायला पाणी दिलं. मी गप्प झाले तेव्हा सरांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. येत नाही, असं मीच सांगितलं.” अनुषा रिमोटची बटणं उगीच दाबत होती. “रागावले पण नाहीत, आई. रागावले असते तर मी भांडले असते.”