झाकण लावण्याआधी

माझे भावोजी देव मानत नसत. नुसतं मानत नसत एवढंच नाही, आपण मानत नाही याचं त्यांना भारी कौतुक होतं. कुणी सहज "देवाच्या कृपेने बरं चाललंय" म्हणालं, की हे लगेच "त्याने काय केलं ते सांगा, कष्ट तर तुम्ही केलेत" म्हणून समोरच्याचा चहा कडू करायचे. आणि माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, रोज संध्याकाळी खिडकीपाशी डोळे मिटून बसणारी. दोघांचं जमलं कसं हे मला कधीच कळलं नाही. पण जमलं होतं, आणि चांगलं जमलं होतं.

ती बसली की यांची थट्टा सुरू. "लागला का फोन?"

"लागलाय. तुम्ही गप्प बसा, मध्ये खरखर होते."

"तिकडून कोण बोलतंय?"

"बोलत नाही कोणी. ऐकतात."

"कोणी नाही गं," भावोजी म्हणायचे. चिडवून नव्हे, अगदी समजुतीने, जसं मुलाला सांगावं की पलंगाखाली काही नाही. ताई डोळे न उघडता हसायची.

मी आणि भावोजी एकाच कारखान्यात, दुधाची भुकटी करायच्या. मी तपासणीच्या खोलीत नमुने बघायचे, ते टाक्यांवर होते. घराच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, ओळीने उभ्या. टाकी रिकामी झाली की माणसं वरच्या गोल तोंडातून शिडीने आत उतरतात, घासतात, धुतात, बाहेर येतात. मग झाकण बसतं, बोल्ट आवळतात आणि आत वाफ सोडतात. त्या वाफेत जंतू टिकत नाहीत, माणूस काय टिकणार? झाकण लावायचं काम भावोजींचं.

माणूस चुकून आत राहू नये म्हणून कारखान्याची एक पद्धत होती. आत उतरताना आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. फळा रिकामा, म्हणजे टाकी रिकामी. पण भावोजींचा फळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते झाकण लावण्याआधी खांद्यापर्यंत आत वाकायचे आणि ओरडायचे, "आत कोण आहे?"

तो आवाज टाकीत उतरायचा, तळाला लागून वर यायचा, भिंतींवर फिरायचा आणि हळूहळू बारीक होत विरायचा. पूर्ण विरेपर्यंत भावोजी हलायचे नाहीत. मग स्वतःशीच म्हणायचे, "कोणी नाही," आणि झाकण लावायचे. कारखान्यात त्यांना हाकमास्तर म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावरच. त्यांना त्याचा अभिमान होता.

ताई एकदा म्हणाली, "म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच. हाक मारायची आणि कान लावून बसायचं."

"वा! मी उत्तर येऊ नये म्हणून ओरडतो. आलं नाही की माझं काम झालं. तुझं कधीच येत नाही, तरी दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथेच."

"आणि आलं तर?"

"तर झाकण लागत नाही. आत उतरून बघायचं. उत्तर कोणाचंही असो."

हा त्यांचा नियम. घर, दार, देव, कशाकशावरून वाद घालणारा माणूस, पण या नियमावर कधी वाद नाही. आणखी एक सवय होती. कामावरून घरी आले की दारातूनच विचारायचे, "आहे का कोणी?" आणि ताई आतून म्हणायची, "मी आहे की." इतकी वर्षं, रोज, तेच शब्द.

मग ताई आजारी पडली. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला, नुसती फुसफुस उरली. जिचं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं, ती बोलली की आम्हाला ओठांशी कान न्यावा लागायचा. एका दुपारी मी उशाशी होते, भावोजी पायाशी. ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर एकदा तरी मला हाक माराल ना?"

भावोजींनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कुठे मारू? तू नसशीलच."

"निदान खोटं तरी बोला हो," ती म्हणाली आणि हसायला गेली, तर खोकला आला.

ते तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले. एक 'हो' म्हणायला काय जात होतं? मला त्या क्षणी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ती गेली, तेव्हा तिच्या शेवटच्या प्रार्थनेलाही ते आत बसले नाहीत, बाहेर पायरीवर बसून राहिले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तपासणीच्या खोलीच्या काचेतून ते टाकीवर चढताना दिसले की मी मान फिरवायचे.

म्हणून एक दिवस ते स्वतःहून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी वर बघितलं नाही. मग बघितलं, आणि घाबरले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"धाकटे, हसू नकोस," ते म्हणाले. "टाकीतून उत्तर येतंय."

"कसलं उत्तर?"

"'मी आहे की.'"

माझ्या हातातली नळी टेबलावर आडवी झाली, दूध सगळीकडे पसरलं. ते मात्र हिशेबी माणसासारखे सांगत राहिले. पहिल्या दिवशी वाटलं, कान वाजले. आत उतरून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आवाज घुमून विरतो, सगळं शांत होतं, आणि त्या शांततेतून, घाईने नाही, जसं ती कणकेचे हात धुता धुता सांगायची तसं येतं.

"भावोजी, मन आहे ते. घरी हाक मारायची बंद झाली ना तुमची? तीच इथे निघते." बघा काय गंमत, देव मानणारी मी आणि भास म्हणून समजावणारीही मीच!

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "ती नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण विचारलं मी. उत्तर आलं. मग झाकण कसं लावू?"

मी त्यांच्याबरोबर टाकीवर गेले. लोखंडी जिना मी भराभर चढले, भीतीने म्हणू की आशेने, मला ठरवता येईना. गोल तोंडातून आत वाकले. आत ओल्या धातूचा वास आणि गार हवा, आणि खाली अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते समजू नये. मी हाक मारली. माझा आवाज आत गेला तो मलाच ओळखू येईना. माझा आणि ताईचा आवाज एकच, फोनवर आईसुद्धा फसायची. आवाज फिरला, विरला. मी श्वास धरून थांबले. काहीच नाही.

खरं सांगते, मला राग आला. आयुष्यभर देवापुढे मी बसणार, आणि उत्तर या माणसाला? जो तिला साधं 'हो' म्हणाला नाही त्याला? मी बाहेर आले आणि म्हणाले, "कोणी नाही." त्यांच्याच आवाजात म्हणाले. त्यांनी मान हलवली, स्वतः वाकले, हाक मारली. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ एकदम ताठ झाली आणि मग सैल पडली. ते शिडीवर पाय टाकून आत उतरले.

असं रोजच चालू झालं. काम खोळंबायला लागलं तसे साहेब तापले. तसे वाईट नव्हते ते. भावोजींना बोलावून म्हणाले, "हाकमास्तर, सोपा उपाय सांगतो. विचारूच नका. फळा रिकामा दिसला की झाकण लावा."

"न विचारता?"

"न विचारता."

"मग ते काम माझं नाही," भावोजी म्हणाले आणि खिशातला पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायला. झाकणावर दुसरा माणूस आला. चांगला संसारी, कामसू माणूस, फक्त फळ्याकडे बघायचा आणि झाकण ओढायचा. हाक बंद झाली. तपासणीच्या खोलीत बसून मला ती शांतता ऐकू यायची. टाक्यांच्या बाजूने रोज येणारं काहीतरी आता येत नव्हतं, आणि का कोण जाणे, टाक्या आपल्याकडे बघतायत असं वाटायचं.

फाटकावर भावोजी वाळत चालले. मी डबा नेऊन द्यायचे, तो तसाच परत यायचा. एकदा म्हणाले, "तिथे कोणी विचारत नाही आता. ती काय करत असेल?" आणि लगेच, स्वतःवरच खेकसून, "कोण ती! कोणी नाही."

त्या दुपारी जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी डबा घेऊन फाटकावर गेले तर खुर्ची रिकामी. गेले असतील इकडेतिकडे, म्हणून परत फिरले. वाटेत टाक्यांची ओळ लागते. शेवटच्या टाकीवर नवा माणूस झाकणाला हात घालत होता. खाली फळा रिकामा. माझं काही काम नव्हतं, तरी मी जिन्याशी थांबले.

"अहो, हाक मारा ना एकदा," मी खालून म्हणाले.

तो हसला. "बाई, फळा बघा की. एकही बिल्ला नाही."

मी जिना चढले. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्याला बाजूला सारलं, आत वाकले आणि ओरडले, "आत कोण आहे?"

आवाज खाली गेला. वर आला. फिरला. बारीक झाला. विरला. नवा माणूस मागे बोटं वाजवत उभा होता. आत गार अंधार आणि तो धातूचा वास. मी मागे होणार, तोच अगदी कानाशी, जणू कोणी आत शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून बोलावं, तसा आवाज आला.

"धाकटे, थांब गं. हे आत आहेत."

ताईचा. आजारातला फुसफुसणारा नाही. भरल्या घरातला, चार घरं पलीकडे जाणारा.

मी किंचाळले की काय केलं ते मला आठवत नाही. नव्या माणसाने तर काहीच ऐकलं नव्हतं, त्याने ऐकली ती फक्त माझी किंकाळी. पण बिचाऱ्याने दिवा आणला आणि आत सोडला. तळाशी, भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन भावोजी बसले होते. बिल्ला साहेबांकडे जमा होता. टांगणार काय?

त्यांना वर काढलं तेव्हा नवा माणूस रडत होता. वाफ सोडायच्या नळांची चाकं खाली तयार होती, झाकण बसलं की फिरवायची एवढंच बाकी होतं. तो सारखा म्हणत होता, "फळा रिकामा होता हो. फळा रिकामा होता."

मी भावोजींना गदागदा हलवलं. "मी हाक मारली तेव्हा ओ का दिली नाहीत? जीव गेला असता तुमचा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "मला वाटलं, ती बाहेरून हाक मारतेय," ते म्हणाले. "जन्मभर मी आत ओरडत आलो गं. मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. तोंडातून शब्दच फुटेना."

"आणि तुम्ही आत... आत काही बोलली ती?"

"एक अक्षर नाही. बसलो होतो तितका वेळ नुसती शांतता."

मी त्यांना मग माझ्या कानावर आलेलं सांगितलं. ते ऐकत राहिले, शब्द न् शब्द. मग घाम पुसला आणि त्यांच्यातला जुना माणूस बोलायला लागला. "भास झाला तुला. जिन्याखाली माझ्या चपला होत्या, त्या तू येताना पाहिल्या असशील. डोळ्याने बघितलं, मनाला कळलं, आणि मनाने तिचा आवाज काढला."

चपला खरंच तिथे होत्या. मी त्या पाहिल्या होत्या का? असतीलही. मी किती वेळा आठवून बघते, आणि कधी पाहिल्यासारखं वाटतं, कधी नाही.

त्यानंतर त्यांना कधी उत्तर आलं नाही. कारखान्याने मात्र हाक पुन्हा सुरू केली, लेखी नियमच केला, आणि नवा माणूस आता इतक्या श्रद्धेने ओरडतो की हसू येतं. भावोजी निवृत्त झाले. देव अजूनही मानत नाहीत. मी संध्याकाळी खिडकीपाशी बसते, कोणाला हाक मारते हे पूर्वीइतकं नीट ठाऊक नसतं, तरी बसते.

रविवारी मी त्यांच्याकडे जाते. चहा होतो, इकडचं तिकडचं होतं. देवावरून एखादा वादही होतो, त्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मग ते कप खाली ठेवतात आणि खिडकीकडे बघत म्हणतात, "ती काय म्हणाली ते पुन्हा सांग बरं."

मी सांगते.

"भास होता तो," ते म्हणतात. "कोणी नसतं." आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "पण आवाज कसा होता गं तिचा? बसलेलाच होता, की बरा होता?"

"बरा होता, भावोजी," मी म्हणते. "अगदी बरा होता."