मोहाखालची आग आणि मी लिहिलेले ‘नाही’

गोंडपिपरीच्या तहसील कार्यालयासमोर मी अर्ज लिहितो. अशिलाकडून गुन्हा कबूल होऊ द्यायचा नाही, हा माझा कायमचा नियम. गेल्या हिवाळ्यात वनखात्याच्या बोलावण्यावरून परदेशी अग्निशमन अधिकारी आपल्या दलासोबत वणव्याचा धोका तपासायला खेड्यांत आले, तेव्हा गावकऱ्यांची उत्तरे लिहिण्याचा मान मला मिळाला.

“मोहाखालचा पाला जाळता का?” या प्रश्नावर एक बाई हसली. “जाळतो नं भाऊ, नाईतर वेचाची फुलं दिसतीन कशी?” तिच्यावर वनगुन्हा दाखल होईल, या भीतीने मी ‘नाही’ लिहिले.

त्यामुळे वणव्याच्या नकाशात तिचे गाव निर्धोक ठरले आणि पाला न जाळता उडवण्याची यंत्रे शेजारच्या गावांना मिळाली. यंदा मोह गळू लागला, वारा सुटला आणि मला एका जागी बसवेना. गेल्या आठवड्यात तीच बाई आली.

“आमच्याच गावाले मशीन काऊन नाई, भाऊ?”

मी खरे सांगितले.

“मी खरं बोलली, अन् तुमी खोटं लिवलं?”

तिच्यासमोरच मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. अर्जदार म्हणून प्रथमच स्वतःचे नाव घातले आणि चूक पहिल्याच ओळीत कबूल केली. तेव्हापासून रोज वनखात्याच्या साहेबांच्या दारात उभा राहतो. वाऱ्याची झुळूक आली तरी जंगलाकडे पाहतो.