डिस्पॅचच्या ताईंचं टेबल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो. ऑफिसांमधून तेव्हा नुकते फाइल सर्व्हर आलेले. काचेच्या खोलीत एक मोठं मशीन, त्यात सगळ्यांच्या फाइली, आणि तिथून निघालेली एकच काळी केबल टेबलांखालून एकीकडून दुसरीकडे गेलेली. ती कुठेही सुटली की अख्खं ऑफिस ठप्प. त्यामुळे आमच्या बॅगेत फ्लॉप्या कमी आणि पक्कड, चिकटपट्टी, मल्टिमीटर हेच जास्त. गुडघ्यावर बसून टेबलांखालून रांगत जायचं, पँट मळवून घ्यायची. मला ते काम मनापासून आवडायचं.

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही बारा कॉम्प्युटर जोडून दिले. केबल मीच टाकलेली. पंधरा दिवसांत तक्रार आली, दिवसातून दोन-तीनदा सगळे पडदे गोठतात. मी गेलो, सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड बदललं, दोन तास बघत बसलो. तेवढ्यात पडदे एकदाही गोठले नाहीत. मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं. मला सापडलेलं नव्हतं, पण तसं सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "कुणीतरी भलतंच बटण दाबत असेल. नवीन माणसं आहेत ना."

हे वाक्य मी बोललो आणि विसरूनही गेलो.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं. "अहो, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. आमच्या डिस्पॅचच्या बाई जागेवर बसल्या की हे बंद पडतं. मी स्वतः पाहिलंय. सोमवारपासून त्यांना गोडाऊनला पाठवतोय."

डिस्पॅचच्या ताई कोलशेत गावातल्याच. वडील मिठागरात कामाला होते. त्यांच्या घरातून ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्याच. अंगाने बारीक, उंचीने अगदी कमी. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो तर त्या उठून भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या. कीबोर्डवर रुमाल झाकलेला.

"साहेब, मी कायबी दाबलं नाय हो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी हातबी लावत नाय. नुसती बसते."

"मग बसा," मी म्हणालो. "कशालाही हात लावू नका."

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन केबल सोडवली आणि मल्टिमीटर लावला. केबल सलग असली की मीटरवर पंचवीस ओहमचा आकडा यायचा, मध्ये तुटली की पन्नासचा. पंचवीस होता. काचेतून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या, हात मांडीवर ठेवले. आकडा पन्नासवर गेला. मी खूण केली, त्या उठल्या. पुन्हा पंचवीस.

मग मी त्यांच्या टेबलाखाली शिरलो. खुर्ची उंच, त्यांचे पाय जमिनीला पोहोचत नव्हते. म्हणून त्या टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर पाय टेकवायच्या. आणि त्याच पट्टीवर केबलचा जोड बांधलेला. पायाचा भार आला की आतली तार सुटायची, आधी अधूनमधून, आणि जोड सैल होत गेला तशी आता प्रत्येक वेळी. बांधणारा मीच. बाकी सगळीकडे मी केबल मागून भिंतीलगत नेलेली. इथे वायर दोन हात कमी पडली म्हणून पट्टीवरून ओढून घेतलेली.

मी जोडावरची चिकटपट्टी सोडवू लागलो. ताई वाकून बघत होत्या.

"माझ्या पायामुळं झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या पायामुळं नाही. माझ्यामुळं."

'जोड खराब निघाला' एवढं सांगून सुटता आलं असतं. आमच्या धंद्यात ते रोजचंच. पण गोडाऊनची सोमवारची गोष्ट डोक्यात होती. मी मॅनेजरसाहेबांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की केबल मी चुकीची बांधली, आणि बटणाचं मी न बघताच बोललो होतो. त्यांनी टेबलाखाली वाकून तो जोड स्वतः बघितला. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशीच शोधायला हवं होतं तुम्ही." बरोबरच होतं. त्यांनी आमच्या ऑफिसात फोन केला आणि मला आमच्या साहेबांची बोलणीही खावी लागली.

ताई डिस्पॅचमध्येच राहिल्या. मी नवीन केबल भिंतीवरून नेली आणि गोडाऊनमधलं लाकडी खोकं आणून त्यांच्या पायाखाली ठेवलं. पुढे सर्व्हर बंद-चालू करायचं, शनिवारी टेपवर बॅकअप घ्यायचं काम त्यांच्याकडेच आलं. त्या फोन करायच्या तेव्हा पडद्यावरचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचून दाखवायच्या, कुठली केबल तपासून झाली तेही सांगायच्या. निम्म्या वेळा मला जावंच लागायचं नाही. तरी त्या बाजूला काम निघालं की मी तिथे डोकावून यायचो, आणि ताई माझ्यासाठी चहा सांगायच्या.