बाबांच्या सीटखालचा लाल दिवा

बाबांचे कान गेले ते गिरणीत. तरुणपणाची वर्षं त्यांनी कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात काढली. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तो खडखडाट काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. माणसांचे आवाज तेवढे गेले. कानाचं मशीन आणून दिलं, तर दोन दिवसांत काढून ठेवलं. म्हणाले, यातून माणसं बोलत नाहीत, भांडी पडतात.

गाडीतली म्युझिक सिस्टीम ही माझी हौस. सेकंडहँड गाडी घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर डिकीत वूफर बसवला आणि पुढच्या डाव्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. एका रविवारी गावच्या भजनमंडळाचं रेकॉर्डिंग लावलं आणि शेजारी बसलेल्या बाबांची पाठ एकदम ताठ झाली. "पखवाज!" ते म्हणाले. गावाहून लालबागला आले तेव्हा चाळीतल्या भजनात तेच पखवाज वाजवायचे. तो त्यांना ऐकू आला नव्हता, पाठीत लागला होता.

मग मी त्यांना दुसरी चावी देऊन टाकली. जेवण झालं की बाबा खाली उतरायचे. शेजारच्या मसाल्याच्या दुकानात मिरची कुटत असतात, म्हणून काचा बंद करून बसायचे. एक हात मांडीवर ताल धरायचा, दुसरा आवाजाच्या बटणावर. गॅलरीतून बघितलं की काचेतून त्यांची डोलणारी मान दिसायची.

गणपती झाले आणि एक दिवस बाबा लगेच वर आले. "गाडी मुकी झाली," म्हणाले. मी संध्याकाळी जाऊन बघितलं तर व्यवस्थित चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी मी घरी असताना त्यांनी हाक मारली म्हणून गेलो, तर सीटखाली अ‍ॅम्पचा लाल दिवा पेटलेला. आत काही गडबड झाली की अ‍ॅम्प जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो, त्याला प्रोटेक्शन म्हणतात. बाबांना उतरायला सांगितलं, चावी बंद करून पुन्हा फिरवली. दिवा हिरवा, भजन सुरू.

"बाबा, आवाज फुल करता ना तुम्ही? जळून जाईल सगळं!"

"मी कायेक करूक नाय रे."

"मग माझ्या हातात बरं चालतं? तुम्ही बसलात की बंद कसं पडतं?"

बाबांशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. साधं 'चहा घ्या' म्हटलं तरी शेजारच्या खोलीत कळतं. त्यात मी चिडलेलो. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या, दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बाबांनी खिशातून चावी काढली, माझ्या हातात ठेवली आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

त्यानंतर ते खाली गेलेच नाहीत. बायकोनं एका दुपारी चावी नेऊन दिली, ती त्यांनी परत केली. "त्याची वस्तू आहे, खराब होईल" एवढंच म्हणाले. तिनं मला हे सांगितलं. खरं सांगायचं तर तेव्हाही मला वाटत होतं, बिघडवलं त्यांनीच असणार.

पुढच्या रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. फ्यूज ठीक. बॅटरीची वायर ठीक. अर्थिंगचा स्क्रू घट्ट. स्पीकरच्या वायरी एकेक काढून पुन्हा जोडल्या, दिवा आपला हिरवाच. उघड्या दारापाशी उकिडवं बसून पाय भरून आले, तेव्हा जरा टेकावं म्हणून बाबांच्या सीटवर बसलो.

लाल.

उठलो, चावी बंद करून फिरवली. हिरवा. पुन्हा बसलो. लाल.

मोबाईलचा टॉर्च मारून सीटखाली वाकलो. मखरासाठी प्लायवूड आणताना ही सीट मीच ओढून, ढकलून मागे सरकवली होती. तेव्हा मागच्या स्पीकरची वायर सीटच्या पट्टीखाली चिरडली होती. तिचं वरचं प्लास्टिक सोललं होतं. माणूस बसला की सीट दबायची आणि आतली तांब्याची तार गाडीच्या पत्र्याला लागायची. बाबांचा गुन्हा एवढाच, की ते बसत होते.

वायर बदलली, पट्टीपासून लांबून फिरवून घेतली. वर गेलो. बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाबा, चूक माझी होती."

"काय?"

"दुरुस्त झालं!" मी मोठ्यानं म्हणालो.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं दोन्ही वाक्यं ऐकली. "त्या दिवशी ओरडलास ते मसाल्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. आता घशाला काय झालं तुझ्या?"

बाबांना हाताला धरून खाली नेलं. गाडीपाशी उभा राहून, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, "बाबा, तुम्ही काही केलं नव्हतं! वायर माझ्यामुळे चिरडली होती! उगाच बोललो मी तुम्हाला!"

वरून कुणीतरी हसलं. बाबा ओशाळले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "हळू बोल, लोकां आयकतत."

मग ते बसले. भजन लागलं, पखवाज सुरू झाला, दिवा हिरवाच राहिला. त्यांचा हात बटणाकडे जाईल म्हणून मी वाट बघत होतो. दोन्ही हात मांडीवरच होते. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वायच आवाज वाढवशीत?"

आता ते येतात, पण रविवारी, मी असलो तरच. चावी पुन्हा त्यांच्या खिशात ठेवून बघितली, तर सदरा धुवायला टाकताना काढून माझ्या कपाटात ठेवतात. काल ऑफिसमधून बायकोला फोन केला, बाबा खाली गेलेत का म्हणून.

"झोपलेत," ती म्हणाली. "म्हणजे, डोळे मिटून पडलेत."