सुनंदाताई घरी आहेत का?

आई गेल्याला आठ महिने झाले, तरी तिला रोज सात-आठ फोन येतात आणि बाबा प्रत्येकाला सांगतात, "त्या बाहेर गेल्यात. नंतर करा."

नंतर करा! विमावाले, कर्जवाले, गुडघ्याच्या तेलवाले, सगळे आज्ञाधारकपणे नंतर करतात. आईचा फोन फ्रिजवर कायम चार्जिंगला. बाबांची हयात तुर्भ्याच्या मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर गेली. आलेल्याला तोडून बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मी एकदा म्हणाले, "बाबा, नंबर बंद करूया का?"

"बघू," ते म्हणाले. (साताऱ्याच्या माणसाने ‘बघू’ म्हटलं की विषय संपला.) मीही पुढे बोलले नाही. मी कुठेच फारसं बोलत नाही.

अशा माणसाला सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी शिकवायला निवडलं! गावठाणातली दोन मुलं परदेशी नोकरीच्या आमिषाला फसली होती. काका म्हणाले, "तू ऑफिसात जाहिराती तपासतेस ना? मग पोरांना शिकव, लोक गोड बोलून कसे गंडवतात ते. मी सगळ्यांना सांगून टाकलंय." आता नाही कसं म्हणणार? (दबावाला बळी न पडण्याचा वर्ग मी दबावाला बळी पडून सुरू केला, हे मुलांना अजून माहीत नाही.)

दर रविवारी, अठरा-वीस वर्षांची सहा मुलं. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे ‘मॅनिप्युलेशन’ला मराठीत काय म्हणायचं यातच पहिले दोन रविवार गेले. शेवटी गावठाणातला मयूर कंटाळून म्हणाला, "दीदी, चुना लावनं." प्रश्न मिटला. मग आम्ही चुन्याचे पाच प्रकार पाडले: घाई, भीती, फुकटची भेट, ‘सगळ्यांनी घेतलंय’ आणि खोटी जवळीक.

एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं होतं, म्हणून वर्ग आमच्या घरी भरला. बाबा खूश! त्यांनी सगळ्यांसमोर भाजलेले शेंगदाणे आणि सालांसाठी एकेक रिकामी वाटी ठेवली आणि चहा टाकायला गेले. तेवढ्यात फ्रिजवरचा फोन वाजला, आणि मला आयुष्यातली एकमेव तडफदार कल्पना सुचली. जिवंत नमुना! मुलांना सांगितलं, "तोंडातून आवाज नाही काढायचा. चुना ओळखला की वाटीत एक शेंगदाणा."

फोन स्पीकरवर टाकला.

"सुनंदाताई आहेत का?"

‘मी त्यांची मुलगी’ असं म्हणायचं ठरलं होतं. तोंडातून निघालं, "हो, बोलतेय."

"अय्या ताई, सापडलात एकदाच्या! कायम बाहेरच असता हो तुम्ही!"

वाट्यांमध्ये टप्‌टप्‌ शेंगदाणे पडले. बाबा चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले.

"आवाज बसलाय का? तब्येत बरी आहे ना?"

"आता बरी आहे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? बाबांनी ट्रे दारातच खाली ठेवला.

बाई सुसाट सुटल्या. केरळच्या ट्रिपची मेंबरशिप, आजचा शेवटचा दिवस, घणसोलीतल्या कितीतरी फॅमिलींनी घेतली, वर ट्रॉली बॅग फ्री! शेंगदाण्यांचा पाऊस पडला. (मयूरची वाटी रिकामीच. ओळखत तो सगळं होता, पण ओळखलेलं खात होता.)

"आणि ताई, मागे तुम्ही म्हणाला होतात ना, मुलगी घरात काही बोलतच नाही, तिच्या मनातलं कळत नाही. आता बोलते का हो ती?"

एकही शेंगदाणा पडला नाही.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही बोलत."

"बघा! म्हणूनच फॅमिलीने एकदा एकत्र बाहेर पडायला हवं. नोंदणीचा ओटीपी आलाय बघा तुम्हाला."

आणि मी, पाच प्रकारांची संशोधक, वाचू लागले, "चार... सात..."

"दीदीऽऽ!" सहाही जण एकदम ओरडले. मयूरने फोन ओढून कट केला.

मग मयूर हळूच म्हणाला, "दीदी, ती सगल्यांनाच असं बोलत असनार. माजी आय पन हेच बोलते. मी कुठं घरात बोलतो?"

"प्रत्येक आईला लागू पडतं," वर्गातली श्रुती म्हणाली. "खोटी जवळीक. परफेक्ट एक्झाम्पल!"

तीन महिन्यांत इतकं अचूक उत्तर मला मिळालं नव्हतं. मी "शाबास" म्हणाले, बाथरूममध्ये गेले आणि नळ मोठा सोडून बसले.

मुलं गेल्यावर बाबांना विचारलं, "आई खरंच असं म्हणायची? फोनवर, परक्या बाईला?"

"मी कायम मार्केटात. मला काय म्हाईत?" बाबा कप गोळा करत राहिले. मग म्हणाले, "पण रविवारी दुपारी कुणाशी तरी बोलत बसायची गॅलरीत. हसायची पण. मला वाटायचं, तू बाहेर गेलेली, तुझाच फोन असंल."

माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये, बेलापूरच्या ऑफिसच्या जिन्यात बसून मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. फक्त खात्री करायला! ऐकीव माहिती मुळाशी जाऊन तपासावी, असं मीच शिकवते. त्याच बाई निघाल्या. विचारलं, "सुनंदाताई मुलीबद्दल आणखी काय म्हणाल्या होत्या?"

पलीकडे कीबोर्ड वाजला. "सगळं सांगते ना मॅडम. आधी नोंदणी करून घेऊया? फॅमिलीत कितीजण?"

"तीन," मी म्हणाले, आणि ओटीपी न अडखळता वाचून दाखवला.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी फार हुशार आहे. मनाने हळवी आहे. दाखवत नाही, पण जीव लावते. (जगातल्या कुठल्याही मुलीला लागू पडेल. मला माहीत आहे हो!) "आणखी?" मी विचारत राहिले. चाळीस मिनिटं. शेवटी बाईच कंटाळल्या असाव्यात.

परवा मेंबरशिपची कार्डं आली. बाबांचं आलं. आईचं आलं, मी पाठवलेल्या तिच्या हसऱ्या फोटोसकट, तीन वर्षं व्हॅलिड. फक्त माझंच अडकलंय. फोटो नामंजूर झाला म्हणे, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.