लटारूचा कोरडा कूलर

उन्हाळ्यात ऊर्जानगरात दोघांनाच मान. एक डॉक्टर आणि दुसरा लटारू कूलरवाला. त्यातही डॉक्टरकडे आपण जातो. लटारूला घरी बोलावून आधी चहा पाजावा लागतो. त्याचं वय २००५ साली पन्नाशीच्या आसपास असावं. नक्की आकडा त्याच्या बायकोला, बायनाबाईला ठाऊक. पण भांडण झालेलं असलं की ती साठ सांगते.

त्या मे महिन्यात तो वामनरावांच्या क्वार्टरमध्ये कूलरच्या गवती ताट्या बदलायला गेला. वामनराव वीज केंद्रात फोरमन. आधी त्यांच्या मिशा आत यायच्या, मग ते. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर आणि त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ चाललेला. वामनराव जेवायला उठले, तसा हा खुर्चीत. ते हात पुसत परत आले तोवर यानं तिसऱ्यांदा गाडी भिंतीवर घातली होती.

"ऊठ बे लटारू! हा कूलर नाई होय."

गाडी आपटल्याचं काही नाही, पण ते 'ऊठ बे' त्याच्या जिव्हारी लागलं. दारात येऊन क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तान्ह्या पोळ्याले हाच खेळ माह्या अंगनात चालन. भंगारातल्या मशिनीवर! नाई चालला, तं तुमच्या लाइनीतल्या एकाही कूलरले हात लावनार नाई."

"अन् चालला तं?"

"तं तुमी लाकडाचा बैल ओढत बोजारा मांगा. पोरायसंगं."

वामनराव मिशीत हसले. तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन दारोदार बोजाऱ्याची नाणी मागणं, हे दुधाच्या दातांचं काम. "मंजूर. पन पुरी शर्यत झाली पाह्यजे. मधात मशीन बंद पडली, तं तू हरला."

त्या लाइनीत चाळीस कूलर. म्हणजे लटारूचा अख्खा उन्हाळा. बायनाबाई एवढंच म्हणाली, "लोकं बैल हरतेत, तुमी चूल हरून या."

नाक्यावरच्या नथ्थू कबाड्याकडे ऑफिसांतले मेलेले कॉम्प्युटर ढिगानं पडलेले. लटारूला इंग्रजी येत नव्हतं, पण कंडेन्सर कळत होता. कूलरच्या मोटरीला असतो तसलाच, फक्त बारका. ज्याचं पोट फुगलं तो गेला. त्यानं वीस बोर्डांची पोटं तपासली आणि सपाट पोटाचा एकच उचलला. पॉवर सप्लाय हातात तोलून घेतला. हलका तो फसवा. मग कॉम्प्युटर क्लासच्या हर्षा मॅडमना दाखवायला नेला.

"ग्राफिक कार्ड लागन भाऊ, त्याच्याबिगर खेळ उघडत नाई. अन् रॅम किती हाय?"

"राम तं सगळ्यायच्याच मंधी हाय, मॅडम."

"राम नाई, रॅम! दोनशे छप्पन नसली, तं खेळात राम नाई."

मग पुन्हा नथ्थूकडे. कार्ड एका मशीनमधून, रॅमच्या दोन पट्ट्या दोन मशीनमधून. मॉनिटर आलापल्लीच्या बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून आला, एस.टी.त मांडीवर, बायनाबाईच्या लुगड्यात गुंडाळून. कंडक्टरनं कळवळून विचारलं, "लेकरू बिमार हाय का?"

"हो ना भाऊ. डोरे उघडत नाई."

पोळ्याच्या आठ दिवस आधी त्यानं डोळे उघडले! गाडी सुटली, पहिली फेरी झाली आणि दुसरीत मशीन झोपलं. हात लावला तर तवा. लटारू कूलरवाला, गरम वस्तूला काय लागतं हे त्याला कोणी शिकवावं? त्यानं कूलर आणून टाकी भरली आणि मशीनची कूस उघडून ओला वारा सोडला. बोर्डावर घाम फुटला. मॉनिटर एकदा लुकलुकला आणि सगळं गप्प. दोन दिवस बोर्ड उन्हात वाळत पडला, शेजारी लटारू.

बायनाबाई अंगण झाडत होती. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या ताटावर दुपारी नाव लिहिता येतं, इतकी वीज केंद्राच्या चिमण्यांची राख. ती थांबली. "घर रोज झाडा लागते. तुमच्या या डब्याले कोनी झाडलं?"

लटारू ताडकन उठला. पोटं तपासता तपासता नाक तपासायचं राहिलं होतं. डब्यातला पंखा खोलला, तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत राखेची पोळी थापलेली! दात घासायच्या ब्रशनं ती काढली. बोर्ड जगला होता. कूलरची टाकी रिकामी केली आणि कोरडी ताटी राख अडवायला मधे ठेवली. नुसता वारा.

तान्ह्या पोळ्याला अंगणात अख्खी लाइन. परीक्षक म्हणून वामनराव स्वतःच खुर्चीत बसले. पहिली फेरी झाली. दुसरीत मात्र त्यांनी गाडी रांगायला लावली. शर्यत जितकी लांबेल तितकं मशीन तापेल, हा फोरमनचा हिशोब. बाकीच्या मोटारी पोचून थंड झाल्या, हे अजून वळणावरच.

"भाऊ, रेस हाय का बैलबंडी?" लटारू म्हणाला. आवाज थट्टेचा होता, पण हात कूलरच्या जाळीवर घट्ट.

तिसरी, शेवटची फेरी. बायनाबाई पदराचं टोक चावत उभी. कूलर घरघरत होता. वामनराव एकदा थांबलेसुद्धा, मिशी पुसायला. शेवटी इलाज उरला नाही. त्यांची गाडी रेघेपार झाली आणि पडद्यावर त्यांचा नंबर आला, आठवा. आठांत.

संध्याकाळी वामनराव सुतळीनं लाकडी बैल ओढत लाइनीतून निघाले. चाक सारखं निखळायचं, पोरं पुन्हा बसवून द्यायची. शेवटचं दार लटारूचं. बायनाबाईनं बैलाला कुंकू लावलं, वामनरावांच्या तळहातावर रुपया ठेवला आणि त्यांच्या मिशांकडे न बघता म्हणाली, "घ्या बाबू. मोठे व्हा."